ग्रुपवर बोलताना

रात्री साडेनऊच्या पुढे, जेवणं उरकली की गावातल्या संगणक मंडळाचा ग्रुप जागा होतो. कुणीतरी लिहितं, "सर प्रोग्राम चालत नाही." सोबत फोटो असतो, मॉनिटरचा, हलत्या हातानं काढलेला, निम्म्या पडद्यावर ट्यूबलाइट चमकतेय. कोणता प्रोग्राम, कुठं अडला, खाली कोणती ओळ आली, कशाचा पत्ता नाही. पाच मिनिटं सगळे गप्प. मग एकाचा अंगठा येतो. तेवढ्यात कुणाच्या तरी पुतण्याचा वाढदिवस असल्याचं कळतं आणि केकांची रांग लागते. ती संपते न संपते तोच कुठल्याशा निवडीबद्दल कुणाच्या तरी हार्दिक अभिनंदनाचा बॅनर येऊन पडतो. साडेदहाला तो पोरगा पुन्हा लिहितो, "सर??" त्यावरही काही येत नाही. तो ग्रुप सोडत नाही, पण त्या ग्रुपवर पुन्हा काही विचारतही नाही.

त्याची अडचण एका ओळीची होती. कुणीतरी मोबाइलवर टाइप करून पाठवलेला प्रोग्राम त्यानं जसाच्या तसा उतरवला होता, आणि मोबाइलच्या कीबोर्डनं ओळीच्या सुरुवातीच्या ‘प्रिंट’चं पहिलं अक्षर आपल्या मनानं कॅपिटल करून ठेवलं होतं. पायथॉनला कॅपिटल पी आणि स्मॉल पी ही दोन वेगळी अक्षरं. असलं नाव मला ठाऊक नाही, असं पायथॉन स्पष्ट सांगत होता, ‘नेमएरर’ म्हणून. पण ती ओळ फोटोत नेमकी ट्यूबलाइटखाली गेली होती.

खर्डा आणि आसपासच्या गावांतल्या संगणक मंडळांसाठी ही नियमांची पुस्तिका तयार झाली आणि तिला चार शब्द लिहा म्हणून माझ्याकडे आली, तेव्हा प्रत्येक नियम मी याच पोराला समोर ठेवून वाचला. या नियमामुळं तो दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न विचारील का? ज्या नियमाचं उत्तर ‘हो’ आलं तो मला पटला, मग तो कितीही ओबडधोबड लिहिलेला असो. काही नियम या कसोटीला उतरले नाहीत. ते गाळा असं मी सुचवलं, आणि त्यातले काही गाळलेही गेले.

खर्डा जामखेड तालुक्यात, जिल्ह्याच्या अगदी टोकाला. इथून बीड आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांची हद्द जवळ, आणि जिल्ह्याचं ठाणं लांब. संगणकाची इथली पहिली ओळख बहुतेकांना झाली ती एमएस-सीआयटीमुळं. २००१ साली एमकेसीएलनं हा अभ्यासक्रम सुरू केला आणि नोकरीच्या अर्जाला त्याचं प्रमाणपत्र लागतं म्हणून गावोगावी वर्ग निघाले. प्रमाणपत्र मिळालं की वर्गाशी संबंध संपायचा. त्याच्या पुढं काही शिकायचं तर शेजारी बसून दाखवणारं माणूस हवं, ते पुण्यात. म्हणून ग्रुप. पुण्यात नोकरीला गेलेला दादा, कॉलेजातली ताई, शाळेतले सर आणि अकरावीतली पोरं एका ठिकाणी येण्याची तेवढीच एक जागा. घरात फोन एकच असतो, रिचार्ज संपत आलेला असतो, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांशी बोलायलाही तोच फोन लागतो. अशा घरातल्या मुलीला दिवसातून अर्धा तास फोन हातात येत असेल आणि त्या अर्ध्या तासात तिला सव्वाशे फुलं, सुविचार आणि नाचणारी बाळं ओलांडून आपल्या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागत असेल, तर ‘ग्रुपवर गुड मॉर्निंग नको’ हा नियम शिष्टपणाचा नाही. तो तिचा वेळ आणि डेटा वाचवण्याचा आहे. सकाळच्या या शुभेच्छांच्या चित्रांनी भारतातल्या फोनची जागा भरून जाते, हे गूगलच्या लोकांच्याही ध्यानात आलं होतं, आणि २०१८ च्या सुमाराला तशी चित्रं शोधून पुसण्याची सोय त्यांनी आपल्या अ‍ॅपमध्ये केली. आपल्या आपुलकीवर कंपनीला औषध काढावं लागलं, हे थोडं ओशाळवाणंच.

चॅटच्या जागेला नियम लागतात, ही काही आजची गोष्ट नाही. ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन या तरुणानं आयआरसी नावाची व्यवस्था लिहिली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपचे हे पणजोबा. त्यात ‘चॅनेल’ असत, नावाआधी हॅशचं चिन्ह. चॅनेल सांभाळणाऱ्याच्या नावापुढं ‘अ‍ॅट’ची खूण. तो कुणालाही बाहेर काढू शके, परत येण्याला बंदी घालू शके. एक संदेश पाचशे बारा बाइटांपेक्षा मोठा चालत नसे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही आत येण्याआधी काय बोलणं झालं ते तुम्हाला दिसत नसे. तिथल्या रीती या अडचणींतून आल्या. लांबलचक कोड थेट चॅनेलात ओतायचा नाही, कारण इतरांचं बोलणं वर सरकून जातं. तो दुसरीकडे ठेवून दुवा द्यायचा. प्रश्न एका दमात, पूर्ण लिहायचा. उत्तर मिळेपर्यंत थांबायचं, कारण उत्तर देणारा कदाचित दुसऱ्या देशात झोपलेला आहे.

ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी इंटरनेटवरच्या वागणुकीची एक नियमावली लिहून प्रसिद्ध केली. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलनं आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट खुलं केलं होतं. म्हणजे आपण उंबऱ्यात पाय टाकत होतो तेव्हा घरात कसं वागायचं याचा कागद भिंतीला लागतही होता. आपण तो वाचला नाही, एवढंच. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आजही खऱ्या आहेत. राग आला तर उत्तर रात्रभर ठेवा, सकाळी पाठवा, हे तर आपल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं असं आहे. पण एक सल्ला मला खर्ड्यासाठी साफ चुकीचा वाटतो. नव्या माणसानं एक-दोन महिने नुसतं वाचावं, मग लिहावं, असं त्यात टपाल-याद्यांबद्दल म्हटलंय. आपल्या पोरांना नुसतं वाचत बसायला सांगावं लागत नाही. शाळेच्या पहिल्या दिवसापासून ती तेच करत आलीत. त्यांना दोन महिने गप्प बसवलं तर ती दोन वर्षं गप्प बसतील. म्हणून या पुस्तिकेत उलटा नियम आहे. नव्या सदस्यानं आठवड्याच्या आत एक तरी प्रश्न विचारायचा, आणि त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देणं ही अ‍ॅडमिनची जबाबदारी. हा नियम वाचला तेव्हा पुस्तिका लिहिणाऱ्यांना गाव कळतं, याची माझी खात्री पटली.

प्रश्न कसा विचारावा यावर पुस्तिकेत सगळ्यात जास्त पानं आहेत, आणि ती हवीच होती. आपल्याकडे समोरासमोर विचारण्याची एक अदबीची रीत आहे. आधी "सर, वेळ आहे का?" मग "एक विचारायचं होतं." सर "बोल" म्हणाले की मग मूळ मुद्दा. तोंडी बोलण्यात ही रीत गोड आहे. ग्रुपवर ती घातक. "सर आहात का?" असं साडेनऊला लिहिलं, सरांनी सव्वाअकराला "हो बोल" म्हटलं, पोरगा झोपलेला, त्यानं सकाळी "काही नाही सर, एक शंका होती" लिहिलं, सर तासावर. दोन दिवस गेले, शंका अजून पोटातच. म्हणून नियम असा की नमस्कार आणि प्रश्न एकाच संदेशात. काय करायचं होतं, काय केलं, काय झालं, या तीन गोष्टी त्यात हव्यात. एररची ओळ फोटोत न पाठवता अक्षरांत उतरवून पाठवायची. मोबाइलवरून शक्यच नसेल तर निदान ट्यूबलाइट बंद करून फोटो काढायचा. कोडच्या आधी आणि नंतर तीन-तीन उलट्या टिकल्या टाकल्या की व्हॉट्सअ‍ॅप तो मजकूर एकसारख्या रुंदीच्या अक्षरांत दाखवतं, त्यामुळं पायथॉनमध्ये कुठली ओळ किती आत सरकलीय ते नजरेला कळतं. पायथॉनमध्ये आत सरकण्याला अर्थ असतो, तेव्हा हे सजावटीचं काम नव्हे. आणि प्रश्न सुटला की काय केल्यानं सुटला ते लिहायचं. "झालं सर, थँक्यू" एवढ्यानं पुढच्या पोराला काही मिळत नाही.

ग्रुपवर वर्ग घ्यायचा झाला तर काय करावं, यासाठी पुस्तिकेनं दुर्गापूरकडून एक रीत उचलली आहे. पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरला कुशल दास यांनी २००४ मध्ये लिनक्स वापरणाऱ्यांचा गट सुरू केला, आणि २००८ पासून तो गट दर उन्हाळ्यात आयआरसीच्या चॅनेलवर मोफत प्रशिक्षण देऊ लागला. चॅनेलवर शेकडो पोरं आणि शिकवणारा एक, मग गोंधळ कसा टाळायचा? त्यांनी ठरवलं की ज्याला प्रश्न आहे त्यानं नुसतं उद्गारचिन्ह टाइप करायचं, म्हणजे हात वर. प्रश्न लिहून तयार ठेवायचा आणि नाव पुकारलं की पाठवायचा. एकाचं संपल्याशिवाय दुसऱ्याचं नाही. तिथं ‘यू’ऐवजी एकच अक्षर टाकण्यासारखी एसएमएसची भाषाही चालत नाही. पहिल्यांदा वाचताना हे शाळामास्तरी वाटतं. पण वर्ग झाल्यावर त्याची नोंद वर-खाली वाचून पाहा. जो वर्गाला आला नाही त्यालाही प्रश्न कळतो, उत्तर कळतं, आणि कोणत्या प्रश्नाचं ते उत्तर आहे हेसुद्धा कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर हे घडवायचं तर ‘रिप्लाय’ बोटानं ओढून द्यायची सवय लावावी लागते. अर्धे नियम हे असे बोटाच्या सवयीचेच आहेत.

भाषेचा नियम वाचून काही जण नाराज होतील. मी खूश झालो. मराठी रोमन अक्षरांत लिहा, देवनागरीत लिहा, अर्धं इंग्रजी मिसळा, काहीही चालेल. फक्त कुणाच्या शुद्धलेखनावर बोलायचं नाही. कोडमधली चूक दाखवायची, मराठीतली नाही. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणाऱ्या पोराला भर ग्रुपमध्ये कुणी टोकलं, वर हसणारी चार तोंडं टाकली, की त्याला आपण कुठल्या घरातून आलो हे सांगितल्यासारखं होतं. तो ते बरोबर ऐकतो. मग त्याचा प्रोग्राम अडला तरी तो लिहीत नाही, कारण लिहायचं तर मराठीतच लिहावं लागणार. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं, असा संकेत त्या जुन्या नियमावलीत आहे. देवनागरीत कॅपिटलं नाहीत, तरी आपण ओरडतोच. एकच संदेश तीनदा टाकून, ओळीभर उद्गारचिन्हं लावून, नाहीतर पाच मिनिटांची व्हॉइस नोट सोडून. व्हॉइस नोटबद्दल नियम सौम्य आहे, आणि तो तसा असावा हेच बरोबर. ज्याला टाइप करणं जड जातं त्याला बोलू द्या, पण मिनिटभरात, आणि खाली एका ओळीत विषय लिहून.

आता खऱ्या अवघड जागेकडे येतो. आपल्या गावात वडीलधाऱ्याची चूक दाखवायची कशी? ग्रुपवर अकरावीतली मुलगी आहे आणि तिला शिकवणारे सरही आहेत. सरांनी दिलेला प्रोग्राम चुकलेला आहे, तिला ते दिसतंय. "सर, हे चुकलंय" असं आपली मुलगी लिहीत नाही. ती लिहिते, "सर, एक शंका आहे, तिसऱ्या ओळीत मला एरर येतोय, माझंच काहीतरी चुकत असेल." या एका वाक्यात केवढी कसरत आहे! चूक सापडल्याचं कळवायचं, पण ती शोधणारी मी नव्हे असं दाखवायचं. सर शहाणे असतील तर ओळखतात. नसतील तर "नीट टाइप कर" म्हणतात आणि चुकलेला प्रोग्राम पन्नास जण उतरवून घेतात. पुस्तिका यावर आदर सोडा असं म्हणत नाही. ‘सर’, ‘ताई’, ‘दादा’ राहू द्या म्हणते. ती फक्त मोठ्यांना एक काम देते. कुणी ‘शंका’ म्हटलं की मोठ्यानं आधी स्वतःची ओळ तपासायची आणि ‘तपासली’ असं लिहायचं. चूक निघाली तर त्याच ठिकाणी, सगळ्यांसमोर, दुरुस्ती. संदेश गुपचूप पुसून नवा टाकायचा नाही. २०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅप पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आत बदलू देतं. ती सोय टायपिंगच्या चुकांसाठी वापरा, वादात आपली बाजू सावरायला वापरू नका, असंही त्यात आहे. या ओळीवर काही ज्येष्ठांच्या भुवया वर जाणार. जाऊ द्याव्यात.

उलट बाजू म्हणजे लहानाला सगळ्यांसमोर झापणं. याची किंमत खर्ड्याच्या मातीला वेगळी सांगायला नको. ११ मार्च १७९५ ला मराठे आणि निजाम इथं भिडले त्यामागचं मूळ भांडण चौथाईच्या थकबाकीचं, पैशाचं. पण पैशाचे हिशेब वर्षानुवर्षं चालतात. हे भांडण पेटलं त्यात भर दरबारातल्या बोलण्याचाही वाटा होता. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क यानं पेशव्यांच्या वकिलांना दरबारात सुनावलं की हिशेब समजावायला नाना फडणवीसांनी जातीनं हजर व्हावं, आणि येत नसतील तर त्यांना कसं आणायचं ते आपण दाखवू. इतिहासकार ग्रँट डफनं हा प्रसंग नोंदवला आहे. निजामाच्या गोटात नाना आणि हरिपंत फडके यांची सोंगं काढून हशा पिकवला गेला, तेही त्यानं लिहिलंय. हेच बोलणं दोन वकिलांशी बंद दालनात झालं असतं तर पुण्याला कदाचित निराळ्या शब्दांत पोचलं असतं. दरबारात बोललेला शब्द मागं घेता येत नाही, कारण तो ऐकणारे शंभर असतात. निजामाचा पराभव झाला तेव्हा तहाच्या अटींत प्रदेश होता, रक्कम होती आणि मुशीर-उल-मुल्कला स्वाधीन करणं हेही होतं. पुस्तिकेतला ‘चांगलं ग्रुपवर, वाईट खासगीत’ हा नियम वाचताना मला हाच दरबार दिसला.

त्याच लढाईच्या रात्रीची दुसरी गोष्ट फॉरवर्डच्या नियमासाठी राखून ठेवावी अशी आहे. दिवसाच्या लढाईत अजून काही निकालात निघालेलं नव्हतं. मध्यरात्री मराठ्यांची एक छोटी टोळी घोड्यांना पाणी शोधत ओढ्याशी आली. तिथं निजामाची माणसं होती, त्यांनी गोळी झाडली. ती ऐकून फ्रेंच सरदार रेमंडच्या पलटणीच्या पहारेकऱ्यांनी झाडली. ती ऐकून झोपेतून उठलेल्या सगळ्या रांगेनं अंधारात बार काढले. कुणावर, कुणालाच ठाऊक नाही. छावणीत हाहाकार उडाला आणि निजाम सुलतानराजे निंबाळकरांच्या इथल्या भुईकोटात जाऊन बसला. सैन्य विखुरलं, किल्ल्याला वेढा पडला, तह झाला. प्रत्येकानं शेजाऱ्याचा बार ऐकून आपला बार काढला. ओढ्यापर्यंत जाऊन कुणी पाहिलं नाही.

दोनशेतेवीस वर्षांनी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला माणसं मेली. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे संदेश कित्येक दिवस फोनाफोनी फिरत होते. मंगळवेढ्याकडून आलेल्या, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. ते संदेश पुढं ढकलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी कुणाला हातही लावला नसेल. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढं पाठवलेल्या संदेशावर तसा शिक्काही दिसू लागला. २०२० मध्ये, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी, अशी आणखी कडक अट आली. तरीही संगणक मंडळाच्या ग्रुपचा नियम कंपनीच्या नियमापेक्षा कडक असायला हवा, असं मला वाटतं, आणि तो तसा आहे. ‘फॉरवर्डेड’ शिक्क्याचा संदेश मुळीच चालणार नाही, नोकरीच्या जाहिरातीसह. नोकरीची जाहिरात द्यायची तर मूळ संकेतस्थळ स्वतः उघडून, तारीख पाहून, दुवा स्वतः लिहून. अर्जासाठी पाचशे रुपये भरून फसलेली पोरं आपल्या आजूबाजूला आहेतच. ज्यांना संगणक येतो असं गाव समजतं, त्यांच्या ग्रुपवरून आलेली खोटी जाहिरात जास्त खरी वाटते.

मुलींबद्दलचा भाग पुस्तिकेत फक्त दीड पान आहे. तो मी सगळ्यात सावकाश वाचला. ग्रुपवर आलं की नंबर सगळ्यांना दिसतो, व्हॉट्सअ‍ॅपची ही मूळ खोट आहे. आयआरसीवर माणूस टोपणनावानं वावरायचा. टेलिग्रामवर नंबर झाकता येतो, आणि मुलींची संख्या वाढवायची असेल तर मंडळांनी तिकडं जाण्याचा विचार करावा, असं पुस्तिका सुचवते. तोवर नियम एवढाच की ग्रुपवरून नंबर घेऊन कुणालाही खासगी संदेश पाठवायचा नाही. अभ्यासाचं असलं तरी आधी ग्रुपवर विचारायचं. ग्रुपमधल्या बोलण्याचा स्क्रीनशॉट बाहेर जाणार नाही. शहरातल्या वाचकाला हा अतिरेक वाटेल. पण इथं मुलीच्या हातातला फोन बहुतेक वेळा भावाचा किंवा वडिलांचा असतो, आणि "हाय" एवढाच संदेश आधी कोण वाचील ते सांगता येत नाही. २०१४ साली खर्ड्यातच एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला, सवर्ण मुलीशी त्याचं बोलणं असल्याच्या संशयावरून. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. कोण कुणाशी बोलतं याला इथं काय वजन आहे, हे त्यानंतर कुणाला समजावून सांगायला नको. त्यावरचा उपाय मुलामुलींचे वेगळे ग्रुप हा नाही. तसं एका मंडळानं करून पाहायचं ठरवलं होतं, पुस्तिकेनं ते नाकारलं, आणि माझ्या मते या पुस्तिकेतला हा सर्वांत धीट निर्णय आहे. बोलणं सगळ्यांसमोर, विषयाला धरून आणि नोंद राहील असं झालं तर कुजबुजीला जागा उरत नाही.

अ‍ॅडमिन व्हायला लोक घाबरतात. कुणी काही आक्षेपार्ह टाकलं तर पोलीस आधी अ‍ॅडमिनला उचलतात, असा समज पक्का आहे. १ मार्च २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं, की सदस्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, जोवर दोघांचा तसा समान उद्देश किंवा आधी ठरवलेला बेत असल्याचं दिसत नाही. तेव्हा भीती कमी करायला हरकत नाही. पण जबाबदारी कमी होत नाही. २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसता येतो. हे अधिकार हातात आले की माणूस कसा बदलतो ते आपण सोसायट्यांपासून पतसंस्थांपर्यंत पाहिलंय. म्हणून अ‍ॅडमिन दोन, त्यात एक मुलगी, आणि सहा महिन्यांनी दोघेही बदलायचे. कुणाला काढायचं तर आधी त्याला खासगीत कारण सांगायचं, मग ग्रुपवर एका ओळीत नियमाचा क्रमांक, नावाची चर्चा नाही. आणि पहिला नियम स्वतः अ‍ॅडमिनला लागू, म्हणजे नेत्याचा बॅनर त्यांनीही टाकायचा नाही.

हे सगळं वरून आणलेलं नाही. खर्ड्याहून जवळच जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावागावातून आलेल्या, बहुतेक निरक्षर बायका तिथं आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला जमत, एकत्र बसत आणि आपल्या गावात काय घडलं ते प्रत्येक जण सांगे. कुठल्या बाळंतपणात काय अडलं, काय केलं, काय झालं. एकीची अडचण दुसरीचा धडा व्हायची. जातीनं ज्यांच्यात बोलणं नव्हतं अशा बायका तिथं एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. प्रश्न विचारण्याची या पुस्तिकेतली रीत त्यांना शिकवावी लागली नसती.

ग्रामसभेचाही आधार पुस्तिकेनं घेतलाय. नियम बदलायचा तर वर्षातून दोनदा, बदलाचा मजकूर आठ दिवस आधी ग्रुपवर लावून, आणि गणपूर्ती असेल तरच. ग्रामसभेला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल ती लागते. मंडळांनी आपल्यापुरता एक तृतीयांशाचा आकडा धरलाय. मुख्य ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, तसं मुलींचं म्हणणं आधी ऐकायचं, असंही ठरलं आहे. मत पोलवर द्यायचं, अंगठा दाखवून नाही. कारण अंगठा म्हणजे ‘वाचलं’, ‘पटलं’ की ‘सरांनी टाकलंय म्हणून’, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

नव्या सदस्याला ही पुस्तिका पीडीएफ करून ग्रुपवर ढकलायची नाही, एवढी एक विनंती माझ्याकडून. पीडीएफ कुणी उघडत नाही. जुन्या सदस्यानं त्याला शेजारी बसवावं, पहिली चार पानं मोठ्यानं वाचून दाखवावी, तीन उलट्या टिकल्या कीबोर्डवर कुठं सापडतात ते त्याच्याच फोनवर दाखवावं आणि त्याचा पहिला प्रश्न तिथंच बसून त्याच्याकडून टाइप करून घ्यावा.